बाब्याची सायकल

मंगळवार, ९ नोव्हेंबर

चि. सूनबाईस,

अनेक आशीर्वाद.

नावाआधी 'सौ.' लिहायला पेन टेकवलं होतं, पण आता ते कोणाच्या घरचं म्हणून लिहायचं हे कळेना, म्हणून सोडून दिलं. राग मानू नकोस.

आज सकाळी उठलो, पाणी भरलं, दाढी केली. सायकल काढली नाही. ब्रेड आणायला चालत गेलो. दुपारी जरा पडलो पण डोळा लागला नाही, म्हणून हे लिहायला बसलो आहे. गुडघा बरा आहे. खोकला आहे तसाच. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मजेत आहे. त्या म्हणाल्या, "असणारच."

काल तुझा नवरा, चष्मेवाला, येऊन गेला. मी त्याला चष्मेवाला म्हणतो ते तुला आवडत नाही हे माहीत आहे, पण दुकान चष्म्याचं आहे आणि दुसरं काय म्हणायचं ते मला सुचत नाही. येताना खोक्यात घालून एक नवी कोरी घंटी घेऊन आला होता. टेबलावर ठेवून वाजवून दाखवली.

"काका, किती मंजूळ आहे बघा. जुनी काढून ही लावू का? मीच लावून देतो."

"घंटी बदलून काय होणार? वाजवणारा अंगठा तोच राहणार."

"मग अंगठा जरा आवरा ना, काका."

तो हसला. मलाही हसू आलं. यायला नको होतं.

चहा घेतला त्याने. माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता काढून घेतला, खिशातून बारीक पेचकस काढून काडीचा स्क्रू आवळला, काचा पुसल्या. "याच्यातून तुम्हाला दिसत तरी होतं का?" म्हणाला. मी म्हटलं, "दिसायचं ते दिसतं." चष्मा परत घातला तेव्हा भिंतीवरचे सगळे डाग दिसायला लागले. माणूस वाईट नाही. हे लिहायला मला जड जातं आहे, म्हणून लिहून मोकळा होतो.

मग त्याने तुझी चिठ्ठी दिली. तू नेहमीच नेमकं लिहितेस. रविवारी मी माझी सायकल घेऊन यायचं. तू तुझ्याकडची अंगणात काढून ठेवणार. ठकीला समोर बसवून मी, तिच्या आजोबाने, माझ्या तोंडाने सांगायचं की यातली बाबाची कोणती. एवढं केलं तर मी दर रविवारी यावं, जेवूनच जावं, ठकीला फिरायला न्यावं. नाही केलं तर तुमच्या गल्लीत पुन्हा पाऊल टाकायचं नाही. खाली लिहिलं आहेस, 'आप्पा, तुमची ओळखण्यात चूक झाली. या वयात होते. मी ते मनात ठेवणार नाही.'

चूक झाली म्हणतेस, तर ती सायकल मी कशी ओळखली ते आधी सांगतो. रविवारचं उत्तर शेवटी देतो.

मागच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. आपल्या बाथरूमचा नळ गेला होता. जुना चालेल असा विचार करून पुलाखालच्या भंगारवाल्याकडे गेलो. तिथे तराजूच्या मागे, पंख्यांच्या पात्यांमध्ये अडकलेला हिरवा रंग दिसला. शेवाळासारखा, काळपट हिरवा. तो रंग बाजारात मिळत नाही. माझ्या बाब्याने तो स्वतः दोन डबे एकत्र ओतून केला होता आणि आमच्या गॅलरीची फरशी अजून त्याच रंगाची आहे. नळ राहिला बाजूला.

मी म्हटलं, "ती काढा बाहेर."

भंगारवाला म्हणाला, "काका, ती सायकल नाही, आजीबाई आहे. सांधे धरलेत. वजनावर देतो, न्या."

"चालते का?"

"चालेल, पण कुरकुर ऐकावी लागेल. आजी म्हटल्यावर तेवढं आलंच."

पुढच्या नळीवर बिल्ला नव्हता, बिल्ल्याच्या खिळ्यांची दोन भोकं तेवढी होती, एकावर एक. म्हणजे माल जुना. पुढे पुढे बिल्ल्याऐवजी नुसती चिकटपट्टी लावायला लागले. ब्रेकला तारा नाहीत, सळया आहेत, आणि त्या हँडलच्या पोटातून जातात. चामड्याची सीट, खाली जाड स्प्रिंगा. हे सगळं मला बाब्याने शिकवलं. एरवी मला काय कळतं? तो म्हणायचा, "आप्पा, जुनी सायकल ओळखायची असेल तर तिच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंड कोणीही रंगवतं. उलटी करून पोट बघायचं." पोट म्हणजे पायडलच्या आसाखालची जागा. कारखान्याचा नंबर तिथे ठोकलेला असतो.

मी ती भंगारवाल्याच्या पुढ्यात उलटी केली. गंज खरवडला. नंबर वाचला. मग सरळ केली, तो मागेल ते दिलं, तसं ते काहीच नव्हतं, आणि हातात धरून घरी आणली.

साफ करायला फार दिवस गेले. रॉकेलमध्ये चेन भिजवली. ब्रेकचे रबर बदलले. टायर-ट्यूब नवे घातले. गॅलरीत तो बसायचा तिथेच बसून करत होतो. कानफाट्याने, म्हणजे खालच्या टेलरने, वर बघून विचारलं, "आप्पा, म्हातारपणी शिंगं फुटली का?" मी म्हटलं, "चाकं फुटलीत." त्याने ते दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं.

पहिल्या दिवशी भिंतीला धरून चढलो. कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. लोक म्हणतात सायकल विसरत नाही. विसरते. हात विसरतात, मान विसरते, पाय तेवढे आठवणीने फिरत राहतात. दांडा उंच, सीट उंच. माझा पाय जमिनीला टेकत नाही, अंगठा तेवढा लागतो. बाब्या माझ्यापेक्षा वीतभर उंच होता. सीट खाली घ्यायचा स्क्रू होता, पण मी ती घेतली नाही. त्यामुळे मला वाटेत थांबता येत नाही. एकदा चढलो की उतरायला भिंत किंवा कठडा गाठावा लागतो.

वजनाला भारी आहे, चढाला जीव काढते. पण सपाटीवर अशी जाते की रस्ता आपणहून मागे सरकतो आहे असं वाटतं. मागच्या बाजूने चेनकव्हर घासतं, त्याचा एक बारीक आवाज येत राहतो. वारा कानाला लागतो. इतक्या दिवसांत मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. हे खरं सांगतो आहे. बाब्या गेल्यापासून मी जेवत होतो, झोपत होतो, पण ते सगळं दुसऱ्या कोणासाठी तरी करावं तसं. सायकलवर बसलो की ते अंग माझं असायचं.

तुमच्या गल्लीत मी मुद्दाम आलो. वाट चुकून नव्हे. तुझ्या नवऱ्याला मी काल सांगितलं की ब्रेडचं दुकान त्या बाजूला आहे. ते खरं नाही.

कोपऱ्यावर आलो आणि घंटी वाजवली. बाब्या वाजवायचा तशी. दोनदा लगेच लगेच, मग थांबून एकदा. तुला आठवत असेल. कामावरून आला की खालून वाजवायचा आणि तू गॅस पेटवायचीस.

ठकी एका पायात बूट घालून बाहेर आली. "बाबा" म्हणाली. ओरडली नाही, नुसतं म्हणाली. मला थांबता आलं नाही, पाय पोचत नव्हते. मी तिच्या समोरून तसाच पुढे गेलो. मागे वळून बघायला मान वळवली असती तर पडलो असतो. तू दारात आलीस तोवर मी वळणावर होतो.

तिथे परत यायला नको होतं असं तू म्हणशील. मी दुसऱ्या दिवशी परत आलो. मग रोज येत राहिलो. शाळेची गाडी यायच्या आधी. ठकी खिडकीत असायची. आधी बाबा म्हणायची, मग नुसतीच बघायची, मग आजोबा म्हणून हात हलवायला लागली. मला कठड्यापाशी उतरायची सवय झाली. ती दारापाशी उभी राहून बोलायची. तिचा दात पडला ते मला तिने आधी सांगितलं, तुला नंतर. आता ती चष्मेवाल्याला बाबा म्हणते हेही तिनेच सांगितलं. "मला दोन बाबा आहेत, एक उंच आणि एक इथला." मी म्हटलं, "छान."

तू चिठ्ठीत विचारलं आहेस की मी तिला नेमकं काय सांगितलं. तिने जे तुला सांगितलं ते बरोबर आहे. ती खोटं बोलत नाही. तिने विचारलं, "आजोबा, तू बाबासारखं का वाजवतोस?"

"बाबाची सायकल आहे ना, म्हणून."

"ती तुझ्याकडे कशी आली?"

"तुझ्या आईने विकून टाकली होती. मी परत आणली."

ती म्हणाली, "आईला नको होती?"

मी म्हटलं, "नको असेल."

मी आवाज चढवला नाही. कोणी पत्ता विचारल्यावर सांगावा तसं सांगितलं. शाळेची गाडी आली, ती चढली, मी कठड्यावर पाय ठेवून सायकलवर बसलो आणि गेलो. वाटेत टेलरला आणि ब्रेडवाल्यालाही तेच सांगितलं. वरच्या मजल्यावरच्या बाईंना तर आधीच सांगून झालं होतं.

त्यानंतर तुमच्या घरात जे झालं ते चिठ्ठीत वाचलं. ठकी तुझ्या हातचं खात नाही. बाबाचं घड्याळ तिने गादीखाली लपवलं, तू विकशील म्हणून. तुला विचारलं, "आई, मलापण विकशील का?" तू तिला शिडीवर चढवून माळ्यावरची सायकल दाखवलीस, घंटी वाजवून दाखवलीस, तर म्हणाली, "ही खोटी. बाबाची अशी वाजत नाही. बाबाची आजोबांकडे आहे." म्हणून माझ्या तोंडाने वदवून घ्यायचं आहे. समजलं.

काल चष्मेवाला मला तुमच्या घरी घेऊन गेला हे त्याने तुला सांगितलं असेल. तू आणि ठकी बाहेर गेल्या होतात. त्याने शिडी लावली. मी चढलो, त्याने खालून माझे पाय धरले. कोणी बघितलं असतं तर जावई पाया पडतो आहे असं वाटलं असतं.

माळ्यावर ती आडवी ठेवलेली होती, निळ्या पट्ट्यांच्या चादरीत. ती चादर आपल्या घरची. चादर सोडली. आत अंधार होता आणि चष्म्याचा स्क्रू आवळलेला असूनही मला काही दिसत नव्हतं, म्हणून मी आसाखाली बोट घातलं. नंबरावरून बोट फिरवलं. शेवटून दुसरा आकडा नऊ आहे, पण ठोकणाऱ्याने तो उलटा ठोकला आहे, त्यामुळे तो सहा लागतो. आम्ही बापलेक त्याच्यावरून गॅलरीत एक अख्खी संध्याकाळ भांडलो होतो. मी टॉर्च धरला होता, तो वाचत होता. "सहा." "नऊ आहे रे." "आप्पा, डोळे तपासा." तुमचं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट.

बोटाला तो उलटा नऊ लागला. चेनला हात लावला तर हाताला तेल लागलं. ताजं.

खालून चष्मेवाला म्हणाला, "मधून मधून मी उतरवतो, काका. तेल घालतो, पुसून ठेवतो. ठकी मोठी झाली की लागेल ना."

मी चादर परत गुंडाळली आणि उतरलो. त्याने विचारलं, "पटलं ना?" मी मान हलवली. त्याला वाटलं काम झालं. पाणी दिलं त्याने मला. मी प्यायलो.

आता ओळखण्यात चूक झाली का, ते सांगतो.

बाब्याने तेव्हा एक सायकल घेतली नव्हती, दोन घेतल्या होत्या. एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या, दोन्ही मोडक्या. जुन्या सायकलवाले असंच करतात, दोन खरेदी करतात आणि दोनाची एक करतात. कोणता सांगाडा सरळ आहे ते कळेपर्यंत त्याने दोन्ही घासल्या, दोन्हीला तो हिरवा दिला. मग एकीचा सांगाडा किंचित वाकडा निघाला. चांगलं चांगलं सगळं दुसरीवर चढवलं आणि वाकडी भंगारात दिली. पुलाखाली. मीच त्याच्याबरोबर गेलो होतो टाकायला. तुला यातलं काही माहीत असायचं कारण नाही.

तर भंगारवाल्याच्या पुढ्यात मी ती उलटी केली आणि गंज खरवडला तेव्हाच मला कळलं होतं. पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळण्यात माझा जन्म गेला. आलेला एकही नग उलटा करून नंबर बघितल्याशिवाय मी सही केली नाही. त्या नंबरात उलटा नऊ नव्हता. ती बाब्याने टाकून दिलेली सायकल होती. तू काही विकलेलं नाहीस हे मला घरी आणायच्या आधीच माहीत होतं.

तरी मी ते सगळ्यांना सांगितलं. ठकीलाही सांगितलं.

का, ते तू विचारशील. तू पुन्हा लग्न केलंस त्याबद्दल मी एक शब्द काढला नाही. उलट चारचौघांत मीच म्हणालो की तरुण पोर आहे, बरं झालं. त्यावर सगळ्यांनी मला मोठ्या मनाचा म्हटलं. त्यानंतर बोलायची जागाच राहिली नाही. सून गेली, नात गेली, आणि तक्रार करायला काही नाही. तू ठकीला घेऊन गेलीस असं म्हणता येत नाही, आई आहेस. तो तिला जीव लावतो याबद्दल ओरडता येत नाही. पण सायकल विकली हे बोलता येतं. ऐकणाऱ्यालाही लगेच कळतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काल शिडीवर असताना एकच वाटलं. तू ती खरंच विकली असतीस तर बरं झालं असतं. तू ती नीट ठेवलीस, आमच्याच चादरीत ठेवलीस, आणि तो तिला तेल घालतो. आता मी रागावू कशावर?

रविवारचं उत्तर. मी येणार नाही.

घाबरून येत नाही असं नाही. खरं सांगायला जीभ वळणार नाही असंही नाही. तुला सांगितलंच की. पण ठकीसमोर दोन्ही सायकली उभ्या केल्यास आणि विचारलंस, तर मी माझ्या सायकलकडे बोट दाखवीन. मला माहीत आहे मी दाखवीन. तू माझ्या डोळ्यांत बघत असशील तरी दाखवीन, आणि तिचा माझ्यावरच विश्वास बसेल, कारण माझी वाजते तशी तुझी वाजत नाही. मग तुझ्याकडे काहीच उरणार नाही. म्हणून बोलावू नकोस.

तू म्हणशील, आप्पा, एवढा दुष्टावा कशाला? दर रविवारी पोरगी मिळत होती. सूनबाई, रविवारी मला पाहुणा म्हणून वाढलं असतं. चष्मेवाल्याने ताटात दुसऱ्यांदा वाढलं असतं. ठकीने त्याला माझ्यादेखत बाबा म्हटलं असतं आणि मी छान म्हणालो असतो. खिडकीत ती माझी वाट बघते तेव्हा तिच्या डोक्यात बाब्या असतो. त्या घरात आता दुसऱ्या कोणाच्या डोक्यात तो त्या वेळी असतो का? तेवढ्यासाठी तिला एकाचा राग यावा लागला तर येऊ दे. तुझा आला तर तो विरेल, तू तिला रोज आंघोळ घालतेस, वेणी घालतेस. माझा आला तर मी तिला पुन्हा दिसणारच नाही.

हे तुझ्यावर टाकतो आहे हे मला समजतं. तू सोसशील. तू आजवर सोसलं आहेस.

गल्लीत पाऊल टाकू नका म्हणालीस. पाऊल टाकत नाहीच, उतरणार नाही. कठड्याशीही थांबणार नाही. रस्ता सगळ्यांचा आहे. खिडकी लावून घ्यायची तर लावून घे, आवाज काचेतून जातो.

नवी घंटी तुमच्याकडे परत पाठवतो आहे. माळ्यावरच्या सायकलला लावा.

ठकीला आशीर्वाद. तिच्या पडलेल्या दाताच्या जागी नवा आला का ते मला कळवायला तुला आवडणार नाही, मी बघेन.

बाब्याचा बाप,
आप्पा

ता. क. पत्र इथे संपवून मागच्या चाकात हवा भरायला उठतो. सांगाडा वाकडा असल्यामुळे ते चाक एका बाजूला घासतं आणि हवा धरत नाही. रोज भरावी लागते.